दसऱ्याचा बार

"हात लावू नको हां तेका!" आबाकाका अंगणातूनच ओरडले.

मी ओटीवर मांडी घालून बसले होते आणि बंदूक माझ्या मांडीवर मोडून पडली होती. म्हणजे खरोखरची मोडलेली नव्हे. दोन नळ्यांची काडतुसाची बंदूक भरताना मधोमध वाकवतात, तशी वाकवलेली. खंडेनवमीची दुपार होती. पाटावर कोयता, पहार, पंपाचे पाने, दादाचा कॅमेरा अशी घरातली सगळी हत्यारं हळदकुंकू लावून मांडली होती. मधली जागा तेवढी रिकामी होती, कारण मधलं हत्यार मी उचललं होतं.

"बाईमाणसान बंदुकेक हात लावचो नाय. ठावक नाय तुका?"

"ठावक आसा," मी म्हटलं. "पण उद्या ती दादाच्या खांद्याक लागतली. मगे आज कोणीतरी आत बघूक नको?"

आबाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. घर शेजारीच, आवाज मात्र कायम आमच्या घरात. बाबा वैशाखात गेले तेव्हापासून तर ते आम्हा दोघा भावंडांचे वडीलच होऊन बसले होते. आई आधीच गेलेली. दादाला, म्हणजे दिगंबरला, कुणाला नाही म्हणता येत नसे, त्यामुळे आबाकाकांचं फारच बरं चाललं होतं. अडचण होती ती माझी. मी शाळेत मुलांना खेळ शिकवत होते, आवाज मैदानावरचा, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

बंदुकीचं प्रकरण असं. आमच्या गावात दसऱ्याला रवळनाथाची तरंगं, म्हणजे साड्या नेसवलेले उंच देवखांब, सोनं लुटायला निघतात. पण बार झाल्याशिवाय ती जागची हलत नाहीत. तो बार काढायचा मान आमच्या घराचा, थोरल्या मुलाचा. आजोबांनी काढला, मग बाबांनी. आता दादाची पाळी होती. बाबा गेल्यावर बंदूक पोलीस चौकीत जमा झाली होती. परवाना दादाच्या नावावर झाला आणि ती त्याच आठवड्यात घरी परत आली. चौकीत कुणी काही तपासलं नाही, नंबर तेवढा जुळवला. पण आबाकाका गावभर सांगत सुटले की सरकारनं बंदूक पास केली. आणि खालच्या घरची भावकी नवी कोरी बंदूक घेऊन टपून बसली होती. आमचा बार चुकला की मान त्यांचा.

मी नळ्या उजेडाकडे धरून आत बघितलं. कॉलेजात एनसीसीत असताना आमचे सुभेदार बंदूक हातात देण्याआधी नळीत बघायला लावायचे. डाव्या नळीत मिट्ट काळोख. छत्रीची काडी घालून खरवडलं, तर मातीचे गोळे खाली पडले. कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं.

"बघितलास? ह्या असा भरून उडवला असता तर?"

"ता चौकीत झाला," आबाकाका म्हणाले. "काढलंस मां? संपला. ठेव आता पाटार."

मी ठेवली नाही. तेलाची चिंधी दोन्ही नळ्यांतून ओढली आणि परत डोळा लावला. नळी चांगली असली की आत उजेडाची गोलं एकात एक नितळ दिसतात. उजव्या नळीत ती तशी दिसली. डाव्या नळीत, मागून वीतभर अंतरावर, एक काळं कडं दिसलं. पुन्हा चिंधी ओढली. कडं तसंच. ती घाण नव्हती.

सुभेदार म्हणायचे, काळं कडं दिसलं की समजायचं, नळी तिथं आतून फुगली आहे. तिच्यातून पुन्हा गोळी सोडायची नाही, वाद न घालता जमा करून टाकायची. आणि ह्या दोन नळ्या तर एकमेकींना सांधलेल्या, म्हणजे नुसती उजवी उडवणंही धोक्याचं.

बंदूक झाडताना डावा हात जिथं धरतात तिथं नळीखाली लाकूड असतं. ते मी काढलं. ह्या जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून त्या बनवलेल्या, आणि त्याही जुन्या काळ्या दारूसाठी. आबाकाकांनी दुकानातून आणली होती ती आजची कडक काडतुसं. लाकडाखाली ती नक्षी एका जागी अचानक संपली होती. तिथं कुणीतरी कानशीनं घासून वर काळा रंग फासला होता. मी बोट फिरवलं. बोटाला उंचवटा लागला.

"काका, हय बोट लावा."

त्यांनी लावलं नाही. "माका काय बोट लावची गरज नाय. गेल्या दसऱ्याक माझ्या भावान हेच बंदुकेन बार काढल्यान. तेच्या आदल्या दसऱ्याक काढल्यान. अख्ख्या गावान आयकलो. तू काय भावापेक्षा शानी?"

मी स्वतःही तो बार दर वर्षी ऐकला होता.

"तुमका एवढी खात्री आसा, तर तुमीच काढा."

"परवानो दिगूच्या नावावर आसा."

"परवानो दिगूचो, हात दिगूचो, डोळो दिगूचो. आणि मान तेवढो तुमचो!"

आबाकाकांनी हात उगारला, मग खाली घेतला आणि चपला घालून निघून गेले. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. मलाही काहीतरी करता आलं असतं.

दादा संध्याकाळी दुकान बंद करून आला. त्याचा तालुक्याच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. त्याचे हात लांब, शांत बोटांचे. रडणारं मूलही त्याच्या समोरच्या स्टुलावर गप्प बसायचं. मी त्याचं बोट धरून त्या फुगवट्यावर ठेवलं. त्यानं ते बराच वेळ तिथंच ठेवलं.

"ह्या कोणी घासला?"

"बाबांशिवाय ही बंदूक कोणी उघडलेली तुका आठावता?"

"नाय." तो खाली बसला. "म्हणजे बाबांका ठावक हुता. आणि तरी ते बार काढत हुते. म्हणजे एवढा काय वाईट नसतला, कुंदे."

"की ते नशीबवान हुते?"

"काकांका मी हो म्हटलंय."

"तू सगळ्यांकाच हो म्हणतंस! डोळो गेलो तर स्टुडिओत काय करतलंस? झाडू मारतलंस?"

तो हसला. त्याचं ते हसणं बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग एकदम मला आठवलं की तो दर दसऱ्याला बाबांचा फोटो काढायचा. बार निघतो त्या क्षणाचा. मी म्हटलं, ते फोटो दाखव, बाबा बंदूक कशी धरायचे, हात कुठं ठेवायचे ते तरी बघू.

"त्यात काय बघूचा हा? एकय धड नाय." पण त्यानं खोका आणला.

सगळे कृष्णधवल. देवळाच्या कोपऱ्यावरच्या पारावर बाबा, खांद्याला बंदूक, नळ्या आभाळाकडे. पुढे माणसांचे वाकलेले माथे. बार होताना आमच्याकडे सगळे हात जोडून तरंगांपुढे मान खाली घालतात. त्या क्षणी वर बघणारा एकटा दादाच असायचा, तोही कॅमेऱ्यातून. आणि एकाही फोटोत नळीच्या तोंडाशी धूर नव्हता.

"माझी वेळ चुकता," तो म्हणाला. "बार होता आणि मगे माझा बोट दाबता. नायतर आधी तरी. बाबा म्हणत नाय हुते?"

म्हणायचे. दर दसऱ्याला, सोनं द्यायला आलेल्या पाहुण्यांसमोर, चहाचा कप हातात घेऊन म्हणायचे, "आमच्या फोटोग्राफराक फक्त मेलेल्या माणसाचो फोटो काढूक येता. हलणारा काय गावना नाय तेका." सगळे हसायचे. दादाही हसायचा. मग महिनाभर तो बाजारात उडणारे कावळे टिपत बसायचा, बोटाला वेळ यावी म्हणून. फिल्म काय स्वस्त होती?

मी फोटो परत ठेवत होते. एका फोटोत देवळाच्या कौलांमागून धुराचा गोळा वर येताना दिसला. बाबांच्या बंदुकीपासून चांगला लांब, भिंतीच्या पलीकडून.

"ह्या काय?"

"गरनाळ असतली. लखू पेटवता मां मागच्या बाजूक."

गरनाळ म्हणजे दारू ठासलेलं लोखंडी नळकांडं. दसऱ्याला ती उडतातच. दादानं खोका बंद केला. पण त्या धुरानं मला रात्रभर जागं ठेवलं.

सकाळी उठल्याबरोबर मी लखू घाड्याकडे गेले. तो देवळाचा जुना माणूस, बाबांचा शिकारीतला जोडीदार. ओढ्यापलीकडे त्याचं घर. अंगणात बसून तो गरनाळीत दारू ठासत होता. मी सरळच विचारलं.

"लखूकाका, बाबा बंदूक उडवत हुते की तू गरनाळ उडवत हुतंस?"

त्याचा हात थांबला. त्यानं वर बघितलं नाही.

"माका इचारू नको गो बाय. मी शपथ घेतलंय. देवाच्या पायरेर हात ठेवन."

"काय म्हणून?"

"इचारू नको म्हटलंय मां."

"लखूकाका, आज दादा ती बंदूक भरून उडवतलो."

आता त्यानं वर बघितलं. "भरून? कित्या? दिगूक तुझ्या बापसान सांगूक नाय?"

"कोणी काय सांगूक नाय!"

"माका वाटला, बापसान झिलाक सांगल्यान असतला. मी म्हटलंय, दिगू येतलो, इशारत ठरवतलो. वाट बघत हुतंय." मग शपथ कुठल्या कुठं गेली आणि तो बोलायला लागला. दादाच्या हातात कॅमेरा येण्याआधीच्या एका पावसाळ्यात रानडुकरावर जाताना बाबा बांधावरून घसरले, नळीच्या तोंडात चिखल गेला. काळोखात कळलं नाही. बार टाकला आणि नळी फुगली. बाबांनी ती कानशीनं घासली, रंग फासला. दुरुस्तीला दिली तर गावाला कळणार, मान खालच्या घरी जाणार. तेव्हापासून बाबा पारावर रिकामी बंदूक रोखायचे, पाय एकदा आपटायचे, आणि भिंतीमागे लखू वात लावून तयार असायचा.

"आणि तू गप ऱ्हवलंस. बाबांका कोणी इचारूक नको म्हणान शपथ घेतलंस?"

"देवाची शपथ, बाय."

"देवान तुका सांगितल्यान की माझ्या भावाचो हात जाव दे?"

खरं तर माझा राग त्याच्यावर नव्हता. बाबा आजारी पडले ते काही एका रात्रीत गेले नाहीत. वैशाखात गेले, पण शिमग्यापासून अंथरुणावर होते. तेवढ्यात त्यांनी दादाला विहिरीच्या पंपाचा वॉशर कुठला बसतो ते सांगितलं. गाय कुणाला विकू नये ते सांगितलं. माझं लग्न कुठं करू नये त्या घरांची नावंसुद्धा सांगितली. एवढं सगळं आठवलं, आणि हे सांगायचं तेवढं राहिलं? राहिलं नव्हतं. मुलासमोर एक दिवस मान खाली घालावी लागली असती, तेवढी त्यांना घालायची नव्हती. बंदुकीपासून स्वतःचा हात मात्र त्यांनी नीट सांभाळला.

देवळाकडून ढोलांचा आवाज यायला लागला. मी धावत सुटले. लखू मागून येत होता, त्याच्या पायांना जमेल तसा.

देवळासमोर माणूस माणसाला चिकटून उभा होता. तरंगं उभी राहिली होती. पारावर दादा, नवा सदरा घातलेला, हातात बंदूक. आबाकाका शेजारी उभे राहून त्याला खांद्याला कशी लावायची ते दाखवत होते. काडतुसं आत गेली होती. मला घुसता येईना. बायकांच्या रांगेतून पुढं जायचं म्हणजे हजार हात मागे ओढतात. मी "दादा!" म्हणून ओरडले, ते ढोलात बुडालं.

मग ढोल थांबले. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, आज जो काय ह्या लेकरांनी तुझो दसरो मांडलो हा, तो मान्य करून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

"कोणाची काय वाकडी नजर असात, ती सरळ कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं संपलं की माथे झुकणार, आणि लगेच बार. दादानं बंदूक उचललेली मला दिसली. डावा हात बरोबर त्या लाकडावर होता. मानकरी श्वास घ्यायला थांबले आणि मी मैदानावरच्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ही बंदूक फुटाक इली हा, आणि ती माझ्या भावाच्या हातात दिली हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला. सवयीनं. मग एकेक मान माझ्याकडे वळली. गाऱ्हाण्यात बाई? कुणीतरी माझा दंड धरला, मी तो झटकला.

"माझ्या बापसान ह्या बंदुकेन कित्येक दसरे बार काढूकच नाय, रे म्हाराजा!"

ह्यावेळी कुणी काही म्हणालं नाही. आबाकाकांचं तोंड उघडं होतं. दादानं बंदूक खाली केली नव्हती, पण तो माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात गर्दीच्या मागून, धापा टाकत, एकट्याचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

लखू होता. हात जोडलेले. देवासमोर त्याला खोटं बोलता येईना आणि गप्पही राहता येईना. दादानं बंदूक वाकवली, काडतुसं बाहेर काढली आणि बंदूक पारावर ठेवून खाली उतरला.

त्या दसऱ्याचा बार खालच्या घरानं काढला. तरंगं निघाली. आमच्या घराकडे सोनं द्यायला कुणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाकाका आले ते पेटूनच. भावाच्या तोंडाला मेल्यावर काळं फासलं, एका घाड्याचं ऐकून घराचा मान घालवला, असं बरंच काही. शेवटी म्हणाले, "काजीक बांधून उडवया. वाजली नीट, तर गावासमोर माफी मागशीत?"

"मागीन," मी म्हटलं.

परसातल्या काजूच्या बुंध्याला दादानं बंदूक सुंभानं घट्ट बांधली, डावी नळी भरली, चापाला लांब दोरी लावली. आम्ही चिऱ्याच्या गडग्याआड, म्हणजे कुंपणाच्या भिंतीआड, बसलो. दादानं दोरी ओढली.

बार झाला. कावळे उडाले. धूर विरला तेव्हा बंदूक होती तशीच होती.

आबाकाका गडग्यावरून उडी मारूनच गेले. त्या वयात! बंदुकीवर थाप मारून ओरडले, "बघ! बघ गो शाने! सोड रे दिगू ती, सोड! आत्ताच देवळाकडे जावया. हातात धरून बार काढ सगळ्यांसमोर!"

मला रडू आलं. रागानंच. एक बार निभावला म्हणजे नळी बरी झाली असं नसतं, हे मी कुणाला आणि कसं सांगणार होते? आणि दादा तर उठलाच होता, सुंभ सोडायला.

पण त्यानं सुंभ सोडलं नाही. खिशातून दुसरं काडतूस काढलं आणि त्याच नळीत भरलं.

"कित्या आता?" आबाकाका म्हणाले.

"परत."

"वाजली मां एकदा?"

"काका, नाय. हातात धरूचंय नाय मी. तुमी गडग्याआड या."

आवाज चढवला नव्हता. पण आबाकाका आले. दादाच्या तोंडून नकार त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता, आणि खरं सांगायचं तर मीही.

दुसऱ्या बाराचा आवाज वेगळाच होता, फाटका. आम्ही वर डोकावलो. डावी नळी मागून वीतभरावर उकलली होती आणि पत्रा बाहेर वळला होता. लाकडाचा तुकडा उडून गडग्याच्या चिऱ्यात रुतला होता. काजूच्या सालीवर, जिथं दादाचा डावा हात आला असता, तिथं पांढरा गाभा दिसत होता. आबाकाका तसेच कुंपणातून घरी गेले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचा आवाज आमच्या घरात आला नाही.

मी जिंकले होते. तरी माझा राग जाईना. ओटीवर बाबांचा फोटो होता, दादानंच काढलेला, हार घातलेला. मी त्याच्यासमोर उभी राहून मनात होते नव्हते तेवढे शब्द त्यांना ऐकवले. आज इतकी वर्षं झाली, त्यातला एकही शब्द मला परत घ्यावासा वाटत नाही.

मागं वळले तर दादा खाली बसला होता. त्यानं खोका काढला होता आणि दसऱ्याचे फोटो क्रमानं जमिनीवर मांडले होते. बाबा, बंदूक, वाकलेले माथे. बाबा, बंदूक, वाकलेले माथे. मला वाटलं आता तो ते फाडणार. मी म्हणणार होते, फाड, मी काडी आणते.

त्यानं एक उचलला, उजेडाकडे धरला आणि नळीच्या तोंडाशी बोट नेलं, मग ते खाली बाबांच्या पायापाशी आणलं.

"कुंदे," तो म्हणाला, "हय बघ. पाय उचललेलो हा. आपटूक जातहत. म्हणजे बरोबर तोच क्षण."

"व्हय."

"ह्यात पण पाय वर. आणि ह्यात पण."

तो एकेक फोटो उचलत गेला.

"म्हणजे माझी वेळ चुकत नव्हती," दादा म्हणाला.